हायस्कूल किती लांब?

खोडद म्हटलं की लोकांना एकच गोष्ट आठवते, त्या अँटेना. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला उतरायचं, पूर्वेला दहाएक किलोमीटर जायचं, आणि उसाच्या फडांच्या डोक्यावरून एकदम जाळीच्या प्रचंड कढया आभाळाकडे तोंड करून उभ्या दिसायला लागतात. जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. त्यातल्या १४ एका चौरस किलोमीटरभर जागेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर लांबलांब पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात ही दुर्बीण उभी केली आणि ४ ऑक्टोबर २००१ रोजी ती जगभरच्या शास्त्रज्ञांना अर्पण झाली.

आमची वाडी तिथून जवळच. त्यामुळे कंपनीत कुणी गाव विचारलं की मी "खोडदजवळ" म्हणून मोकळा होतो. अर्ध्या लोकांना ते "अरे, जीएमआरटी!" म्हणून कळतं, उरलेल्यांना नारायणगावचा टोमॅटो नाहीतर तमाशा सांगावा लागतो. पण जीएमआरटीवाल्यांचं पुढचं वाक्य हमखास ठरलेलं असतं: "म्हणजे तुमच्याकडे शिक्षणाचं वातावरण पहिल्यापासूनच असणार!"

या "पहिल्यापासून"ची मला गंमत वाटते. आमच्या घरात मॅट्रिकच्या परीक्षेला बसलेला पहिला माणूस म्हणजे माझे वडील, आणि ते साल होतं १९७०. त्याआधी घरात बुद्धी नव्हती असं नाही. शाळेची आवड नव्हती असंही नाही. हायस्कूल लांब होतं, बस. आज त्या अंतराबद्दलच लिहायचं ठरवलंय.

आजोबांपासून सुरुवात करू. आजोबा "व्हर्नाक्युलर फायनल" पास होते. आजच्या पोरांना हा शब्द माहीत असायचं कारण नाही, म्हणून थोडं सांगतो. इंग्रजांच्या काळात शाळेचे दोन जिने होते. एक मराठी जिना: मराठी पहिली ते सातवी, शेवटी व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा. ती पास झालं की माणूस प्राथमिक शाळेत मास्तर होऊ शकायचा, तलाठी होऊ शकायचा. आणि तिथेच जिना संपायचा, वर गच्ची वगैरे काही नाही. दुसरा इंग्रजी जिना: मराठी चौथी झाली की उडी मारून इंग्रजी पहिलीत जायचं, तिथून इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक, आणि मॅट्रिक झालं की कॉलेजचं दार. हा दुसरा जिना ज्या इमारतीत होता तिचं नाव हायस्कूल.

मराठी जिना गावात होता. इंग्रजी जिना शहरात होता. दहा वर्षांच्या पोराने चौथीनंतर उडी मारायची तर ती नुसती एका वर्गातून दुसऱ्या वर्गात नव्हती, गावातून शहरात होती. शहरात नातेवाईक असेल, वार लावून जेवायची सोय असेल, नाहीतर बापाकडे पैसा असेल, तरच ती उडी जमायची. आजोबांकडे तिन्ही नव्हतं. ते सातवी झाले, घरी आले, बैलं धरली. त्यांचं अक्षर मात्र मरेपर्यंत असं होतं की वाडीतले सगळे कागद त्यांच्याकडून लिहून न्यायचे.

मग हायस्कुलं फक्त शहरातच का होती? मला आधी वाटायचं की इंग्रज सरकारला खेड्यातल्या पोरांशी काही देणंघेणं नव्हतं, विषय संपला. प्रकरण त्याहून थोडं गुंतागुंतीचं आहे. १८८२ साली सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग बसला. त्याने माध्यमिक शिक्षणाबद्दल जे सुचवलं त्याचा सारांश असा: हायस्कुलं काढण्याचं काम सरकारने हळूहळू खाजगी संस्थांवर सोपवावं, आपण त्यांना अनुदान द्यावं, आणि जिथे गरज आहे तिथे नमुन्यादाखल जिल्ह्याला एखादं हायस्कूल स्वतः चालवावं. आपल्याकडे आजही हायस्कूल म्हटलं की "कुठल्या संस्थेचं?" हा प्रश्न येतो ना, त्याचं मूळ बरंचसं इथे आहे. जिल्हा परिषदेची शाळा म्हणजे प्राथमिक, हायस्कूल म्हणजे संस्थेचं, हे समीकरण आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की ते कुणीतरी कधीतरी ठरवलं होतं हेच आपण विसरतो.

आता यात एक पेच आहे. खाजगी संस्था हायस्कूल कुठे काढणार? जिथे काढणारे लोक आहेत तिथे. पुण्यात असे लोक होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, नामजोशी यांनी १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं, पुढे आगरकर आणि वामन शिवराम आपटे त्यांना येऊन मिळाले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन. मुलींसाठी रानडे, भांडारकर वगैरे मंडळींनी १८८४ मध्येच हुजूरपागा सुरू केली. थोर माणसं, थोर काम, वादच नाही. पण खोडदहून पुणे ८० किलोमीटर, म्हणजे त्या काळच्या हिशेबात पन्नास मैल. आमच्या वाडीवरच्या पोरीच्या दृष्टीने हुजूरपागा जितकी लांब तितकंच लंडनही लांब.

त्याच हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये निवेदन दिलं होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं: सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो, निदान प्राथमिक शिक्षण तरी सक्तीचं करा, खेड्यात चांगले शिक्षक द्या. हे म्हणणं तेव्हा फारसं ऐकलं गेलं नाही. पण त्यातला "रयत" हा शब्द लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्या शब्दाची आहे. आणि तिच्यासाठी आपल्याला जुन्नर सोडून थोडं दक्षिणेला, साताऱ्याला जावं लागेल. खेड्यातल्या पोराचं हायस्कूल कसं जन्माला आलं हे तिथे जितकं स्पष्ट दिसतं तितकं मला तरी दुसरीकडे दिसलं नाही.

भाऊराव पाटील हे नाव आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलंय. दाढी, घोंगडी, "कर्मवीर", पाच मार्कांची टीप. त्यामुळे हा माणूस नक्की काय करत होता हे समजून घ्यायचं राहूनच जातं. भाऊरावांचा जन्म १८८७ चा, कुंभोजचा. कोल्हापूरला बोर्डिंगात राहून राजाराम हायस्कुलात शिकले, शाहू महाराजांच्या सहवासात आले, इंग्रजी सहावीपर्यंत पोचले आणि तिथे थांबले. मॅट्रिक झाले नाहीत. पुढे शंभरावर हायस्कुलं काढणारा माणूस स्वतः नॉन-मॅट्रिक! नंतर शिकवण्या केल्या, किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले. मला वाटतं या नांगर विकण्याला चरित्रांमध्ये मिळते त्यापेक्षा जास्त जागा मिळायला हवी. आमच्या धंद्यात ज्याला "युजर रिसर्च" म्हणतात ना, ते हेच. माणूस वर्षानुवर्षं शेतकऱ्याच्या ओसरीवर बसतोय, त्याच्या घरात काय शिजतं ते बघतोय, पोरगा शाळेत का जात नाही ते ऐकतोय.

आणि ते ऐकून त्यांनी शाळा काढली नाही. आधी बोर्डिंग काढलं.

मला या गोष्टीने खरं तर थांबवलं. ४ ऑक्टोबर १९१९, दसरा, कराडजवळचं काले गाव. सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या निमित्ताने रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली (हो, जीएमआरटीची तारीखही ४ ऑक्टोबरच. योगायोग आहे, पण मला आवडतो). सुरुवात झाली ती वसतिगृहापासून. १९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली तेव्हाही तेच. साताऱ्यात शाळा होत्याच की. शिकवणारे मास्तर होते, फळे होते, बाकं होती. खेड्यातलं पोर त्या बाकापर्यंत पोचत नव्हतं, कारण रात्री झोपायचं कुठे आणि खायचं काय? अडलेलं तिथे होतं. आमच्याकडे सिस्टिम हळू चालायला लागली की नवीन माणसं सांगतात, सर्व्हर वाढवा. जुना माणूस विचारतो, आधी बॉटलनेक कुठंय ते बघितलंस का? भाऊरावांनी ते बघितलं होतं.

बोर्डिंगची कल्पना त्यांची एकट्याची नव्हती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांची रांगच लावली होती. पण तिथे बहुतेक वसतिगृहं एकेका जातीची किंवा समाजाची होती. त्या काळात तेवढंही पुष्कळ होतं. भाऊरावांनी त्यापुढे एक पाऊल टाकलं: सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली, एका चुलीवर, एका पंगतीत. शाळेत बाहेर बसून शिकावं लागणाऱ्या एका दलित मुलाच्या शिक्षणाची सोय त्यांनी करून दिली. १९२७ मध्ये गांधीजी साताऱ्याला आले तेव्हा त्यांच्याच हस्ते बोर्डिंगचं "छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस" असं नामकरण झालं.

या चुलीचा खर्च कसा चालायचा? पोरं स्वतः स्वयंपाक करायची, लाकडं आणायची, शेतात राबायची. सुट्टीत गावोगाव फिरून धान्य गोळा करायची. बायका रोज दळताना मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायच्या, तो मुष्टिफंड. आणि तरीही कमी पडलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं. १९३० मध्ये त्या गेल्या. म्हणजे ज्या हायस्कुलाकडे आपण निघालोय ते निघायच्या दहा वर्षं आधी. त्यांनी हायस्कूल पाहिलंच नाही, पण माझ्या मते त्याच्या पायात त्यांचं मंगळसूत्र आहे.

आणि मग १९४०. सातारा. महाराजा सयाजीराव हायस्कूल. बडोद्याच्या सयाजीरावांनी संस्थेला मदत केली होती, ते आदल्या वर्षी, १९३९ मध्ये वारले होते, त्यांचं नाव दिलं. हायस्कूल मोफत, निवासी, आणि "कमवा आणि शिका" तत्त्वावर चालणारं. आज "मोफत हायस्कूल" म्हटल्यावर आपल्याला काहीच वाटत नाही. तेव्हा हायस्कुलाची फी हे कारकुनाच्या घरालासुद्धा ओझं होतं, शेतमजुराची तर गोष्टच सोडा. आता पोराने काम करायचं, फी नाही, राहायला जागा, जेवायला पंगत. म्हणजे इंग्रजी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवायला बापाकडे पैसा लागत नव्हता. पोराकडे दोन हात असले की झालं.

क्रम बघा. १९१९ ला बोर्डिंग. मग १९३५ ला मास्तर तयार करायचं ट्रेनिंग कॉलेज. मग खेड्यापाड्यात व्हॉलंटरी शाळा, तिथे हे मास्तर. आणि सगळ्यात शेवटी, २१ वर्षांनी, हायस्कूल. आपण असतो तर आधी इमारत बांधली असती, कोनशिलेवर कुणाचं नाव यावं यावरून भांडलो असतो, आणि मग मुलं का येत नाहीत म्हणून समिती नेमली असती.

पण साताऱ्याच्या या हायस्कुलाने सगळं सुटलं का? नाही, आणि इथे गोष्ट मला जास्त इंटरेस्टिंग वाटते. अंतराच्या प्रश्नाला दोनच उत्तरं असतात: एक तर मुलाला शाळेकडे आणा, नाहीतर शाळा मुलाकडे न्या. बोर्डिंग हे पहिलं उत्तर. ते जबरदस्त होतं, पण एका साताऱ्यात किती पोरं मावणार? गांधीजींच्या हत्येनंतर भाऊरावांनी त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुलं काढायचा संकल्प सोडला. हे दुसरं उत्तर. १९४८ मध्ये तर संस्थेचं सरकारशी बिनसलं होतं आणि अनुदान बंद पडलं होतं, म्हणजे वेळ अशी की आहे तेच टिकवणं मुश्किल. त्या वेळी हा माणूस म्हणतो, एकशे एक! ९ मे १९५९ ला ते गेले तेव्हा संस्थेच्या हायस्कुलांची संख्या शंभराच्या वर गेली होती. आमच्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यात मंचरला जे महात्मा गांधी विद्यालय आहे ते रयतचंच.

त्या दशकांत हे फक्त रयतने केलं असं मात्र नाही. स्वातंत्र्याच्या आगेमागे महाराष्ट्रात तालुक्यातालुक्यात माणसं उठली आणि संस्था काढल्या. आमच्या नारायणगावात ग्रामोन्नती मंडळ. तिथल्या हायस्कुलाचं आजचं नाव गुरुवर्य रा. प. सबनीस विद्यामंदिर. कुठल्या पुढाऱ्याचं नाही, एका गुरुजींचं नाव शाळेला आहे, ही गोष्ट मला फार आवडते. ओतूर, घोडेगाव, मंचर, जुन्नर, नारायणगाव... आज आपण ही नावं एसटीच्या पाटीवर वाचतो. एका पिढीसाठी ती "आता हायस्कूल जवळ आलं" या वाक्याची नावं होती.

माझे वडील या लाटेवर बसून शिकले. १९६४-६५ ची गोष्ट. हायस्कूल नारायणगावला, आमच्या वाडीपासून दहा-बारा किलोमीटर. फीचा प्रश्न तोपर्यंत सुटला होता. यशवंतराव चव्हाणांच्या काळात ईबीसीची सवलत आली होती, बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना फी माफ. आमचं उत्पन्न बाराशेच्या बरंच आत होतं, त्यामुळे त्या बाबतीत आम्ही एकदम पात्र! पण दहा-बारा किलोमीटर रोज जाऊन-येऊन चालणं शक्य नव्हतं. मग चार गावच्या चार पोरांनी मिळून बाजारपेठेच्या मागे एक खोली घेतली. खोली म्हणजे काय, पूर्वी कुणीतरी कांदे ठेवायचं ती जागा. आणि डबा घरून यायचा, एसटीने.

एसटीचा डबा हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आजी पहाटे भाकरी थापायची, कालवण भरायची, डब्याला फडकं गुंडाळून त्यावर खूण म्हणून लाल दोरा बांधायची आणि आजोबा तो फाट्यावर कंडक्टरच्या हवाली करायचे. नारायणगावच्या स्टँडवर पोरं वाट बघत उभी. गाडी चुकली की डबा चुकला, डबा चुकला की उपास. वडील सांगतात, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की गाडी यायची नाही आणि चौघांत एकाचा डबा आला असेल तर तो चार ठिकाणी व्हायचा. "त्या खोलीत जात कुणी विचारली नाही, कारण भाकरी आधी संपायची" असं ते म्हणतात. साताऱ्याच्या बोर्डिंगात जे विचार करून, नियम करून घडवलं होतं, त्याचं छोटं, कांद्याच्या वासाचं रूप या खोल्यांमधून आपोआप उभं राहत होतं. तेव्हाच्या किती इंजिनिअरांचे आणि मास्तरांचे पाय अशा खोल्यांमधून निघालेत याची कुठेच नोंद नाही.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. आता जी बाजू घरात सहसा कुणी काढत नाही ती.

माझी आत्या. वडिलांपेक्षा चार वर्षांनी मोठी. गावात सातवीपर्यंत शाळा होती, आत्या सातवी झाली ती केंद्रात पहिली येऊन. गुरुजी स्वतः घरी आले आणि आजोबांना म्हणाले, पोरीला पुढं शिकवा. हायस्कूल तेच, नारायणगावचं. फी तीच, म्हणजे शून्य. अंतर तेच, दहा-बारा किलोमीटर. पण चार गावच्या चार पोरींनी बाजारपेठेच्या मागे खोली घ्यायची? १९६१ मध्ये? हा विचार कुणाच्या मनातच आला नाही. आजोबा काही जुनाट माणूस नव्हते, त्यांनी तिला सातवीपर्यंत हौसेने शिकवलं होतं. पण त्यांच्यापुढे जे उत्तर होतं ते मुलाच्या मापाचं होतं. दोन वर्षांत आत्याचं लग्न झालं.

मध्यंतरी मी आत्याला यावर सरळच विचारलं. ती कोथिंबीर निवडत बसली होती. म्हणाली, "आरं, गणितात पैकीच्या पैकी होते मला. पण दहा किलोमीटर वजा केले, राहिलं काय?" आणि हसली. मला काही हसू आलं नाही. आत्या आजही रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते आणि बाजार समितीचे भाव तोंडपाठ सांगते.

मी यावर बराच विचार केला. बोर्डिंग, भाड्याची खोली, एसटीचा डबा ही सगळी उत्तरं अंतर तसंच ठेवतात आणि मुलाला ते ओलांडायला मदत करतात. मुलगा ओलांडतो. मुलीला घरातून तेवढ्या लांब पाठवायला बाप धजत नाही. मुलींसाठी संस्थांनी काही केलंच नाही असं नाही, साताऱ्याला रयतचंच जिजामाता अध्यापिका विद्यालय आहे. पण वाडीवरच्या सर्वसाधारण मुलीला उपयोगी पडलेलं उत्तर एकच: शाळा चालत जाता येईल इतकी जवळ येणं. गावोगाव आठवी, नववी, दहावी आली तेव्हाच आमच्या वाडीतल्या पोरी दहावी व्हायला लागल्या. मग अहिल्याबाई होळकरांच्या नावाची एसटीच्या मोफत पासाची योजना आली, शाळेत जायला सायकली आल्या. आत्याची नात बी.एस्सी. झाली. तिच्या हायस्कुलाचं अंतर होतं दोन किलोमीटर.

आम्ही प्रोग्रॅम लिहितो तेव्हा "सरासरी किती वेळ लागतो" हे विचारतो, पण खरा प्रश्न असतो "सगळ्यात वाईट परिस्थितीत किती वेळ लागतो". हायस्कुलाचं तसंच आहे. तालुक्यात एक हायस्कूल आलं की सरासरी अंतर झपकन कमी होतं, अहवाल छान दिसतो. पण हायस्कूल लांब आहे की जवळ हे ठरतं ते सगळ्यात लांबच्या वाडीवरच्या, सगळ्यात गरीब घरातल्या, धाकट्या मुलीवरून. तिला ते लांब असेल तर ते लांबच आहे.

२००९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान सुरू केलं, त्यात उद्दिष्ट धरलं होतं की कुठल्याही वस्तीपासून पाच किलोमीटरच्या आत माध्यमिक शाळा असावी. म्हणजे हंटरसाहेबांनी जे संस्थांच्या इच्छेवर सोडलं होतं ते सव्वाशे वर्षांनी निदान कागदावर तरी किलोमीटरमध्ये आलं.

मग आता सगळं बरं आहे का? गावी गेलो की सकाळी एक दृश्य दिसतं. पिवळ्या बसेस वाडीवाडीवर फिरतात आणि इंग्लिश मीडियमची पोरं गोळा करून पंधरा-पंधरा किलोमीटर लांब नेतात. ज्याला बसचे पैसे परवडतात त्याचं मूल लांब जातं, आणि गावातल्या शाळेचा पट कमी होतो. पट कमी झाला की शिक्षक कमी होतात, शिक्षक कमी झाले की आणखी दोन मुलं पिवळ्या बसमध्ये चढतात. २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा प्रस्ताव पुढे आणला. त्या शाळा मुख्यतः प्राथमिक, आणि प्रस्तावामागे कारणंही होती: एकाच वर्गात पाच मुलं असली तर ना खेळ होतो ना स्पर्धा. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा देता येते, मैदान देता येतं, हे मलाही पटतं. पण माझ्या डोक्यात लगेच आत्याचं गणित येतं. मोठ्या शाळेच्या फायद्यातून किलोमीटर वजा केले तर राहतं काय? आणि कुणासाठी?

त्यात आमच्या जुन्नरला एक जास्तीचा मुद्दा आहे, तो म्हणजे बिबट्या. हसू नका. उसाच्या शेतात बिबटे पिढ्यानपिढ्या राहतायत, माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे, आणि हिवाळ्यात संध्याकाळी सहाला अंधार पडल्यावर उसाच्या कडेने तीन किलोमीटर चालत येणारी आठवीतली पोर हा आमच्याकडे चेष्टेचा विषय नाही. मंत्रालयातल्या नकाशावर तीन किलोमीटर म्हणजे तीनच किलोमीटर. आमच्या वाडीवर ते ऊस किती उंच आहे यावर ठरतं.

दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, जीएमआरटीत प्रदर्शन भरतं. दुर्बीण बघायला मिळते, मोबाईल बंद ठेवायला लागतो, आणि गावोगावच्या शाळांची मुलं आपापले प्रयोग मांडून उभी असतात. थर्माकोलचं धरण, सलाईनच्या नळ्यांचा जेसीबी, बटाट्यावर पेटणारा दिवा. निळी-पांढरी, खाकी, हिरव्या चौकटींची, सगळ्या रंगांचे गणवेश. प्रत्येक टेबलावर शाळेच्या नावाची पट्टी असते आणि त्या पट्टीवर बारीक अक्षरात वर संस्थेचं नाव असतं. ते बारीक अक्षर वाचत जा. प्रत्येक नावामागे कुणीतरी मुठीमुठीने धान्य गोळा केलेलं आहे, कुणीतरी जागा दिलेली आहे, कुणीतरी बिनपगारी शिकवलेलं आहे.

तुम्ही कधी त्या दिवशी खोडदला गेलात तर मुलांना प्रयोग विचाराच, ती न थांबता पाच मिनिटं बोलतात, मध्ये विसरली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. पण जाता जाता आणखी एक प्रश्न विचारा: "घरापासून तुझी शाळा किती लांब?" मी मागच्या वेळी विचारला होता. आकाशगंगांची अंतरं सांगणाऱ्या एका सातवीतल्या मुलीने पटकन सांगितलं, "सातवीपर्यंत जवळच आहे. आठवीचं अजून पप्पांनी ठरवलं नाही."